गेम कन्सोलवर इंटरनेट टीव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळण्यासाठी घेतलेला कन्सोल टीव्हीच्या शेजारीच असतो आणि इंटरनेटलाही जोडलेला असतो. चित्रपट-मालिका दाखवायला लागते त्याच्या कितीतरी पट ताकद त्याच्यात असते. तरीही कुणाला चित्र फिकट दिसतं, कुणाला आवाज दोनच स्पीकरमधून येतो, तर कुणाचं ॲप उघडतच नाही. अशा तक्रारींत यंत्र बिघडलेलं फार क्वचित असतं. बहुतेकदा कुठलं तरी एक सेटिंग चुकलेलं असतं. म्हणून उत्तरांत मेन्यूचा रस्ताही दिला आहे. सिस्टीम अपडेटनंतर एखाद्या मेन्यूचं नाव किंवा जागा थोडी बदललेली दिसू शकते.

फक्त चित्रपट-मालिका पाहण्यासाठी कन्सोल घ्यावा का?

नाही. टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात बसणारी स्ट्रीमिंग स्टिक हे काम कमी विजेत आणि पंख्याच्या आवाजाशिवाय करते, शिवाय तिच्यासोबत रिमोटही येतो. गेम खेळायचे असतील, किंवा कन्सोल घरात आधीच असेल, तर मात्र वेगळं यंत्र घेण्याआधी तोच नीट लावून पाहा. याला एक अपवाद आहे. ४के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्र) ब्लू-रे डिस्क पाहायच्या असतील, तर अशी डिस्क वाचणारा ड्राइव्ह असलेला कन्सोल खरोखर उपयोगाचा ठरतो, कारण स्टिकला ते काम जमत नाही.

कोणत्या कन्सोलवर किती चांगलं चित्र मिळतं?

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व सिरीज एस हे २०२० चे कन्सोल ४के आणि एचडीआर१० दाखवतात. एचडीआर म्हणजे उजेड, अंधार आणि रंग यांचा मोठा पल्ला दाखवणारी पद्धत, आणि एचडीआर१० हा तिचा सर्वसाधारण प्रकार. सिरीज एस गेमच्या बाबतीत धाकटा असला, तरी व्हिडिओ ४केमध्येच देतो. दोन्ही घराण्यांत मोठा फरक डॉल्बी व्हिजनचा, म्हणजे एचडीआरच्या अधिक प्रगत प्रकाराचा आहे. एक्सबॉक्स सिरीजवर नेटफ्लिक्ससारख्या ॲपमध्ये डॉल्बी व्हिजन चालतं. प्लेस्टेशन ५ वर ते नाही, प्रो मॉडेलवरही नाही. तिथे तोच कार्यक्रम एचडीआर१० मध्ये दिसतो. टीव्ही चांगला असेल तर एचडीआर१० सुद्धा सुरेख दिसतं, त्यामुळे केवळ एवढ्यासाठी कन्सोल बदलू नका.

आधीच्या पिढीत गोंधळ जास्त आहे. २०१३ चा मूळ प्लेस्टेशन ४ आणि मूळ एक्सबॉक्स वन, दोन्ही व्हिडिओसाठी १०८०पीवरच (फुल एचडी) थांबतात. २०१६ चा एक्सबॉक्स वन एस मात्र ४के व्हिडिओ दाखवतो आणि ४के ब्लू-रे डिस्कही वाजवतो. त्याच वर्षीचा प्लेस्टेशन ४ प्रो ४के स्ट्रीमिंग करतो, पण ४के ब्लू-रे डिस्क त्याला वाचता येत नाही. ड्राइव्ह आहे म्हणजे ४के डिस्क चालेल, असं समजून बरेच जण तिथे फसतात.

पहिला निन्टेन्डो स्विच डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये) जास्तीत जास्त १०८०पी देतो आणि हातात धरल्यावर ७२०पी. त्यावर यूट्यूब आहे, पण नेटफ्लिक्स नाही. घरातलं मुख्य टीव्ही-यंत्र म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

ॲप वापरायला गेमिंगची सदस्यता लागते का?

लागत नाही. प्लेस्टेशन प्लस किंवा गेम पास नसला तरी व्हिडिओ ॲप चालतात. हा प्रश्न अजून विचारला जातो त्याला जुनं कारण आहे. एक्सबॉक्स ३६० वर नेटफ्लिक्स पाहायलासुद्धा एक्सबॉक्स लाइव्ह गोल्ड ही सशुल्क सदस्यता लागायची. ती अट जून २०१४ मध्ये निघाली. त्या-त्या व्हिडिओ सेवेचं स्वतःचं सदस्यत्व मात्र घ्यावंच लागतं.

मला हवं ते ॲप स्टोअरमध्ये दिसतच नाही. का?

स्टोअरमध्ये काय दिसेल ते तुमच्या कन्सोल खात्याच्या देशावर ठरतं. तुम्ही बसला आहात कुठे, यावर ते ठरत नाही. खातं उघडताना घाईत दुसरा देश निवडला गेला असेल, तर त्या देशात नसलेली ॲप दिसत नाहीत. एक्सबॉक्सवर देश बदलता येतो. प्लेस्टेशन खात्याचा देश पुढे बदलता येत नाही, नवं खातंच उघडावं लागतं. त्याच कन्सोलवर दुसरा वापरकर्ता म्हणून ते खातं जोडा आणि ॲप तिथून उतरवून घ्या.

प्लेस्टेशन ५ वर ॲप शोधताना मुख्य पडद्याच्या वरच्या बाजूला 'गेम्स'च्या शेजारी 'मीडिया' आहे, तिकडे जा. गेमच्या स्टोअरमध्ये शोधत बसलात तर वेळ जातो.

साइन-इन करताना कंट्रोलरने पासवर्ड टाइप करू नका. बहुतेक ॲप पडद्यावर एक कोड किंवा क्यूआर कोड दाखवतात. तो फोनवर टाकला की काम झालं.

४केचं सदस्यत्व घेतलं, टीव्ही ४के आहे, कन्सोलही ४के आहे. मग चित्र साधंच का दिसतं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर साखळीत दडलेलं असतं. कन्सोल, केबल, मध्ये असलेला साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर आणि टीव्हीचं पोर्ट अशी ही साखळी. यातली एक कडी जरी मागे पडली, तरी ॲप काहीही न सांगता गुपचूप १०८०पीवर येतं.

४के व्हिडिओसाठी साखळीतल्या प्रत्येक यंत्राला एचडीसीपी २.२ किंवा त्यापुढची आवृत्ती यावी लागते. ही कॉपी-संरक्षणाची पद्धत आहे. दोन यंत्रं एकमेकांना ओळख पटवून देतात, मगच पूर्ण दर्जाचं चित्र सोडलं जातं. सुरुवातीच्या अनेक ४के टीव्हींच्या चार पोर्टांपैकी एक-दोनच पोर्ट हे पाळत. जुना साउंडबार किंवा एचडीएमआय स्प्लिटर मध्ये असेल, तर बहुतेकदा अडचण तिथेच असते.

तपासायचं असं: मधली सगळी यंत्रं काढा आणि कन्सोल थेट टीव्हीला जोडा. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, स्क्रीन अँड व्हिडिओ, व्हिडिओ आउटपुट, आणि तिथे 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन' उघडा. रिझोल्यूशन, एचडीआर आणि एचडीसीपीची आवृत्ती एकाच पडद्यावर वाचता येते. एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, जनरल, टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्स, '४के टीव्ही डिटेल्स' उघडा. टीव्हीला काय जमतं आणि काय नाही, याची यादीच समोर येते. इथे सगळं बरोबर असेल, तर मधलं यंत्र पुन्हा जोडून तोच पडदा पुन्हा पाहा. आकडे बदलले की दोषी सापडला.

दोष मधल्या साउंडबारचा निघाला तर तो टाकून देऊ नका. कन्सोल थेट टीव्हीला जोडा आणि आवाज टीव्हीच्या एआरसी पोर्टातून (टीव्हीकडून आवाज बाहेर पाठवू शकणारं एचडीएमआय पोर्ट) साउंडबारकडे न्या.

दुसरं कारण टीव्हीच्या मेन्यूत असतं. अनेक टीव्हींवर प्रत्येक एचडीएमआय पोर्टाला पूर्ण क्षमतेचा सिग्नल घेण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. सॅमसंगवर तिला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, एलजीवर 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीवर 'एनहान्स्ड फॉरमॅट'. हे बंद असलं की एचडीआर कन्सोलला दिसतच नाही.

तिसरं कारण म्हणजे सेवेचा प्लॅन. नेटफ्लिक्सवर ४के सर्वांत वरच्या प्लॅनमध्येच येतं, आणि प्रत्येक कार्यक्रम ४केमध्ये असतोच असं नाही.

केबलबद्दल एवढं पुरे की व्हिडिओसाठी १८ गिगाबिटची 'प्रीमियम हाय स्पीड' केबल भरपूर झाली. ४८ गिगाबिटची 'अल्ट्रा हाय स्पीड' लागते ती १२० हर्ट्झच्या ४के गेमसाठी. नव्या कन्सोलसोबत आलेली केबल हरवू नका, ती योग्यच असते.

गेम चालतो, पण व्हिडिओ ॲप उघडलं की काळा पडदा किंवा एचडीसीपीची सूचना येते.

प्लेस्टेशनवर एचडीसीपी बंद करण्याची सोय आहे. कॅप्चर कार्डने गेम रेकॉर्ड करणारे ती वापरतात आणि परत चालू करायला विसरतात. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, सिस्टीम, एचडीएमआय, 'एनेबल एचडीसीपी' चालू करा. प्लेस्टेशन ४ वर तोच पर्याय सेटिंग्ज, सिस्टीममध्ये आहे. कॅप्चर कार्ड मध्ये जोडलेलं असेल तर तेही काढा, कारण संरक्षित व्हिडिओ त्यातून पुढे जाणार नाही.

चित्र धुवट, राखाडी दिसतं. एचडीआर बिघडलं का?

बहुधा साधं चित्र जबरदस्तीने एचडीआरमध्ये दाखवलं जात आहे. प्लेस्टेशन ५ वर व्हिडिओ आउटपुटमध्ये एचडीआर 'ऑलवेज ऑन' असेल, तर मेन्यूपासून जुन्या मालिकेपर्यंत सगळंच एचडीआर करून पाठवलं जातं, आणि कमी प्रकाशाच्या टीव्हीवर ते मरगळलेलं दिसतं. 'ऑन व्हेन सपोर्टेड' निवडा. मग एचडीआर कार्यक्रम सुरू होताना पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. टीव्ही त्या वेळात आपली पद्धत बदलत असतो, त्यामुळे घाबरू नका.

टीव्हीचा गेम मोडही पाहा. कन्सोल जोडला की अनेक टीव्ही आपोआप गेम मोडवर जातात आणि चित्रावरची प्रक्रिया बंद करतात. गेमसाठी हे उत्तम, चित्रपटासाठी नाही. चित्रपट लावल्यावर टीव्हीच्या रिमोटने 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड निवडा.

कॅमेरा बाजूला सरकतो तेव्हा चित्र अडखळतं. नेट तर चांगलं आहे.

हा दोष नेटचा नाही, गणिताचा आहे. बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचे असतात आणि कन्सोल सेकंदाला ६० चित्रं पाठवतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवलं जातं. एक ५० मिलिसेकंद टिकतं, दुसरं ३३. ही उणीअधिक लय कॅमेरा संथपणे फिरताना डोळ्यांना जाणवते.

एक्सबॉक्सवर टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्समधल्या 'व्हिडिओ मोड्स'मध्ये 'अलाऊ २४ हर्ट्झ' चालू करा. ज्या ॲपला ही सोय वापरता येते, ते चित्रपट मूळ गतीने पाठवतं. प्लेस्टेशनवर २४ हर्ट्झचं सेटिंग डिस्कसाठी आहे, त्यामुळे तिथे टीव्हीवर विसंबावं लागतं. गेम मोड बंद केला की अनेक चांगले टीव्ही ही लय ओळखून स्वतः दुरुस्त करतात.

इंटरनेटचा वेग किती लागतो?

नेटफ्लिक्स ७२०पीसाठी ३, १०८०पीसाठी ५ आणि ४केसाठी १५ मेगाबिट प्रतिसेकंद सुचवतं. डेटा तासाला एचडीत ३ जीबीपर्यंत आणि ४केमध्ये ७ जीबीपर्यंत जातो. मर्यादित डेटाचा प्लॅन असेल तर हा हिशेब आधी करा.

राउटरजवळ फोनवर मोजलेला वेग इथे उपयोगाचा नाही. टीव्हीच्या कपाटात, भिंतीला टेकून बसलेल्या कन्सोलला किती मिळतो ते महत्त्वाचं, म्हणून चाचणी कन्सोलवरच करा. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शन स्टेटस, 'टेस्ट इंटरनेट कनेक्शन', आणि एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, जनरल, नेटवर्क सेटिंग्जमध्ये चाचणी आहे.

मूळ प्लेस्टेशन ४ मध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय आहे. शेजारपाजारच्या सगळ्या राउटरची गर्दी त्याच पट्ट्यात असते. स्लिम आणि प्रोमध्ये ५ गिगाहर्ट्झ आलं. शक्य असेल तिथे लॅन केबलच ओढा. संध्याकाळी चित्र मधूनच धूसर होण्यावर याइतका खात्रीचा इलाज दुसरा नाही. आणि कन्सोल पाठीमागे एखाद्या गेमचं मोठं अपडेट उतरवत नाही ना, तेही पाहा. डाउनलोड थांबवलं की चित्र लगेच सावरतं.

कंट्रोलरने टीव्ही पाहणं जिकिरीचं होतं. रिमोट चालतो का?

चालतो, आणि घरातल्या इतरांसाठी तो घ्यावाच. सोफ्यावर पडलेला कंट्रोलर कुशीखाली येतो, मागचा ट्रिगर दाबला जातो आणि चित्रपट पुढे पळतो. उचलून पाहावं तर तोवर कंट्रोलर बंद झालेला. एक्सबॉक्सचा कंट्रोलर १५ मिनिटं हात लागला नाही की स्वतः बंद होतो. मग पॉज करण्याआधी तो जागा करावा लागतो.

पैसे न घालता मिळणारा उपाय म्हणजे एचडीएमआय-सीईसी. यात टीव्हीच्याच रिमोटची बाणांची बटणं आणि ओके कन्सोलवर चालतात. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, सिस्टीम, एचडीएमआय, 'एनेबल एचडीएमआय डिव्हाइस लिंक'. एक्सबॉक्स सिरीजवर टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्समध्ये 'डिव्हाइस कंट्रोल'. टीव्हीतही सीईसी चालू लागतं, पण प्रत्येक कंपनी त्याला आपलं नाव देते: सॅमसंगवर 'ॲनिनेट+', एलजीवर 'सिम्पलिंक', सोनीवर 'ब्राव्हिया सिंक'. सीईसी चालू केल्यावर कन्सोल आपोआप सुरू व्हायला लागला, तर सगळंच बंद करू नका. एकाने दुसऱ्याला चालू-बंद करण्याचे पर्याय वेगळे असतात, तेवढेच बंद करा.

वेगळा रिमोट घ्यायचा तर एक फरक ध्यानात ठेवा. प्लेस्टेशन ५ चा मीडिया रिमोट ब्लूटूथवर चालतो. एकदा सेटिंग्ज, ॲक्सेसरीजमधून जोडला की कन्सोल कपाटाच्या दाराआड असला तरी चालतो. एक्सबॉक्सचे मीडिया रिमोट इन्फ्रारेडवर चालतात, म्हणून कन्सोलचा पुढचा भाग समोरून दिसायला हवा.

५.१ स्पीकर आहेत, पण आवाज दोनच स्पीकरमधून येतो.

आवाज टीव्हीमार्गे एआरसीने जात असेल तर हे होतं. साध्या एआरसीतून लिनियर पीसीएम (न दाबलेला आवाज) दोनच चॅनेल नेऊ शकतं, डॉल्बी (दाबून पाठवलेला आवाज) मात्र ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा आवाज नेतं. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, साउंड, ऑडिओ आउटपुट, ऑडिओ फॉरमॅटमध्ये लिनियर पीसीएमऐवजी डॉल्बी निवडा. टीव्ही आणि साउंडबार दोन्हींत ईएआरसी (एआरसीची पुढची आवृत्ती) असेल तर लिनियर पीसीएमही पूर्ण चॅनेल नेतं. एक्सबॉक्सवर ॲटमॉस (वरूनही येणारा, चहूबाजूंनी घेरणारा डॉल्बीचा आवाज) हवं असेल तर 'डॉल्बी ॲक्सेस' हे ॲप लागतं. होम थिएटरसाठी ते मोफत आहे, हेडफोनसाठी परवाना घ्यावा लागतो.

ऑप्टिकल पोर्ट शोधू नका. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजमध्ये ते नाही. जुन्या ॲम्प्लिफायरसाठी टीव्हीचं ऑप्टिकल आउट वापरा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर टीव्ही किंवा साउंडबारमधला 'ऑडिओ डिले' १० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी बदलत जा. कन्सोलच्या मेन्यूत तासभर घालवण्यात अर्थ नाही.

वीज खरंच जास्त लागते का?

हो, आणि हा हिशेब प्रत्येकाने एकदा मांडावा. स्टिकमध्ये फोनसारखी छोटी चिप असते. कन्सोलमध्ये गेमसाठीची मोठी चिप, जास्त मेमरी आणि पंखा असतो, आणि साधा व्हिडिओ चालतानाही हे सगळं पूर्ण झोपत नाही. व्हिडिओ चालताना मोठा कन्सोल ६० वॅट घेतो असं धरा. रोज ४ तास, ३० दिवस म्हणजे ७.२ युनिट. ४ वॅटची स्टिक तेवढ्याच वेळात अर्ध्या युनिटच्या आत राहते. सिरीज एसची भूक मोठ्या कन्सोलपेक्षा कमी असते.

पण खरी गळती बघायची असेल तर टीव्ही बंद असतानाची बघा. एक्सबॉक्सच्या 'स्लीप' स्थितीत १० ते १५ वॅट जातात. १२ वॅट धरले, तर दिवसातले उरलेले २० तास, महिनाभर, म्हणजे पुन्हा ७.२ युनिट! कुणी काही पाहत नसताना, पाहण्याइतकीच वीज. पॉवर ऑप्शन्समध्ये 'शटडाउन' म्हणजे ऊर्जाबचतीचा पर्याय निवडला की हा आकडा अर्ध्या वॅटवर येतो. कन्सोल सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच. प्लेस्टेशनवर रेस्ट मोडमधल्या (झोपेच्या स्थितीतल्या) सोयींपैकी यूएसबीला वीजपुरवठा आणि सतत इंटरनेटला जोडलेलं राहणं, हे दोन पर्याय गरज नसेल तर बंद ठेवा.

ॲप उघडत नाही किंवा मध्येच अडकतं. कोणत्या क्रमाने तपासू?

पहिलं पाऊल: ॲप खरोखर बंद करा. होम पडद्यावर आलात म्हणजे ॲप बंद झालं असं नाही, ते मागे तसंच राहतं. प्लेस्टेशन ५ वर ॲपच्या चिन्हावर 'ऑप्शन्स' बटण दाबून 'क्लोज', एक्सबॉक्सवर मेन्यू बटण दाबून 'क्विट'. मग कन्सोल पूर्ण बंद करा. एक्सबॉक्सचं पुढचं बटण १० सेकंद दाबून धरा. कन्सोल रोज झोपेतूनच उठत असेल तर कित्येक आठवडे तो खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

नेटफ्लिक्सची एनडब्ल्यू-२-५ ही सूचना नेटवर्कबद्दल असते. राउटर बंद करून चालू करा. गेमसाठी कधी हाताने डीएनएस (इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर) भरलं असेल तर ते 'ऑटोमॅटिक' करा. तारीख-वेळ चुकलेली असेल तरीही सुरक्षित जोडणी होत नाही, म्हणून ती इंटरनेटवरून जुळवा. एवढं करूनही जमलं नाही, तर ॲप काढून पुन्हा घाला. यात गेमच्या सेव्हना धक्का लागत नाही, फक्त ॲपमध्ये पुन्हा साइन-इन करावं लागतं.

मुलांसाठी कन्सोलचं पालक नियंत्रण पुरेसं आहे का?

नाही. कन्सोलचं नियंत्रण ॲप उघडू द्यायचं की नाही आणि किती वेळ, एवढंच ठरवतं. ॲपच्या आत काय दिसेल ते ॲपलाच ठरवावं लागतं. प्रत्येक सेवेत मुलांची वेगळी प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. दोन्ही कुलपं हवीत.

डिस्क किंवा पेनड्राइव्हवरचे चित्रपट चालतात का?

एक्सबॉक्सवर डिस्कसाठी ब्लू-रे प्लेअर हे ॲप आधी उतरवावं लागतं. पहिल्यांदा डिस्क घालताना इंटरनेट चालू ठेवा. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ ब्लू-रे आणि डीव्हीडी वाजवतो, पण गाण्यांची सीडी वाजवत नाही. पेनड्राइव्हच्या बाबतीत एक्सबॉक्स पुढे आहे, कारण त्यावर व्हीएलसी हे व्हिडिओ प्लेअर ॲप मिळतं. घरातल्या संगणकावर संग्रह असेल तर तो नेटवर्कवरून दाखवणारं प्लेक्स हे ॲप दोन्हीकडे चालतं.

जुना कन्सोल टीव्हीसाठी अजून वापरता येईल का?

भरवसा ठेवू नका. चालू असलेलं यंत्रसुद्धा सेवा थांबली की निरुपयोगी होतं. निन्टेन्डो वी हा ४८०पीवरच थांबणारा कन्सोल. त्यावरचं नेटफ्लिक्स जानेवारी २०१९ अखेर बंद झालं आणि वी यूवरचं जून २०२१ अखेर. सोनीची प्लेस्टेशन व्ह्यू ही अमेरिकेतली इंटरनेट टीव्ही सेवा २०१५ मध्ये आली आणि ३० जानेवारी २०२० ला संपली. एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं. मूळ एक्सबॉक्स वनच्या मागे एचडीएमआय-इन पोर्ट होतं, सेट-टॉप बॉक्स त्यात जोडून कन्सोलमधूनच टीव्ही पाहता यायचा. पुढच्या सिरीज कन्सोलमध्ये ते पोर्टच नाही. त्यामुळे जुना कन्सोल दुसऱ्याकडून घेणार असाल, तर हवं ते ॲप त्याच्यावर उघडून, साइन-इन करून आणि पाच मिनिटं चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

चित्रपट पाहताना पंख्याचा आवाज फार येतो.

व्हिडिओला कन्सोल फार तापत नाही, त्यामुळे पंखा मोठ्याने वाजत असेल तर हवेचा मार्ग अडला आहे. भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर अंतर ठेवा, बंद कपाटातून बाहेर काढा आणि जाळीवरची धूळ मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढा. साफसफाई करताना प्लग काढलेला असू द्या. मागे अर्धवट सोडलेला गेम चालू राहिला असेल तरीही पंखा वाढतो. चित्रपट लावण्याआधी गेम बंद करा, आवाज काही मिनिटांत खाली येतो.